आजारी मासा दिसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की नाथसागराचं, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाचं, पाणी खाली जातं, गाळाच्या भेगा उघड्या पडतात आणि काठावरचे भोई बंधू एकच गोष्ट सांगतात, "डॉक्टर, पहाटं मासा वर येऊन तोंड वासतोय." दोन-तीन दिवसांनी काठाला पांढऱ्या पोटाचे मासे लागलेले असतात. मग गावात चर्चा सुरू होते, कुणी विष कालवलं?

मी ३५ वर्षं मराठवाड्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम केलं. मासे हा माझ्या शिक्षणाचा मुख्य विषय नव्हता, पण धरणाकाठी नोकरी झाली आणि लोकांनी विचारलं म्हणून शिकत गेलो. त्यातलं पहिलं शिकलो ते हे की दरवेळी विषच असतं असं नाही. पाण्यातली वनस्पती, शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तेही श्वास घेतात, मासेही घेतात, गाळातले जिवाणूही घेतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका तो कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच. अशा पाण्यात गावाचं सांडपाणी आलं किंवा दारूच्या कारखान्यातलं मळीचं काळं पाणी सुटलं, की ती घाण कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मासा गुदमरतो. खाम नदी छत्रपती संभाजीनगरातून काय काय घेऊन खाली येते, ते तिच्या पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं. तिचं पाणी शेवटी नाथसागराकडेच येतं, आणि तेच पाणी आपण पितो.

आता गुदमरून मेला की विषानं मेला, हे ओळखायचं कसं? जुन्या भोयांना हे बरोबर कळतं. गुदमरण्यात मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना प्राणवायू जास्त लागतो. कटला, राहू मरतात, पण मरळ तगते. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवा घेऊ शकते. आणि हे सगळं पहाटे घडतं. याउलट भर दुपारी, लहान-मोठे सगळे एकदम, झिंगे आणि मरळसुद्धा उलटे पडलेले दिसले तर समजावं, वरून काहीतरी आलंय.

ते 'काहीतरी' बहुतेक वेळा शेतातून येतं. आपल्याकडं त्याला औषध म्हणतात. कपाशीवर औषध मारलं, तुरीवर औषध मारलं. फवारणी झाली की पंप ओढ्यात धुतला जातो, कारण विहीर लांब असते आणि ओढा जवळ. मी कुणाला दोष देत नाही, माझ्या स्वतःच्या शेतात हेच चालायचं. पण एंडोसल्फान नावाचं औषध, जे आपण वर्षानुवर्षं कपाशीवर मारलं, ते माशांसाठी इतकं जहाल होतं की पंप धुतलेलं पाणीही छोट्या डोहाला भारी पडावं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी आणली. पण दुसरी औषधं आहेतच. यातली कितीतरी मज्जातंतूंवर घाव घालतात. मज्जातंतूनं दिलेला इशारा काम झाल्यावर थांबवायचा असतो, तो थांबवणारा घटकच हे विष निकामी करतं. मग किडा थरथरत मरतो, मासाही तसाच. माणसाला विषबाधा होते तीही याच रीतीनं.

पण मला जास्त काळजी मेलेल्या माशाची नाही. मेलेला मासा निदान दिसतो. थोडं थोडं विष अंगात गेलेला मासा मरत नाही. तो हळू पोहतो, बगळ्याची सावली पडली तरी चटकन बुडी मारत नाही. त्याची अंडी कमी निपजतात. पिल्लं निपजली तर एखाद्याचा कणा वाकडा असतो. असा मासा जाळ्यात लवकर येतो, पाणकावळ्याच्या चोचीतही लवकर येतो. काही विषं चरबीत साठून राहतात. ती किड्यातून माशात, लहान माशातून मोठ्यात आणि मोठ्यातून घारीत जाताना प्रत्येक पायरीला वाढत जातात. पाणी तपासलं तर नावालाही सापडणार नाहीत, पण पक्ष्याच्या अंड्याचं कवच पातळ होतं आणि आई उबवायला बसली की फुटतं. डीडीटीनं जगभरच्या शिकारी पक्ष्यांचं असं झालं.

इथं मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. नव्वदच्या दशकात बैलाचा पाय सुजला, गाईला ताप आला की मी डायक्लोफिनॅकची सुई द्यायचो. स्वस्त, चटकन गुण येणारी. शेतकरी खूश, मीही खूश. त्यातलं एखादं जनावर दोन दिवसांत दगावलं तर गावाबाहेर माळावर टाकलं जायचं आणि गिधाडं यायची. माझ्या लहानपणी एका बैलावर इतकी गिधाडं उतरायची की बैल दिसायचा नाही. मग ती कमी होत गेली. आम्ही म्हणायचो, झाडं तोडली, अन्न कमी झालं. कारण उघड झालं २००४ साली. डायक्लोफिनॅक असलेलं मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं आणि यकृतावर, काळजावर खडूसारखा पांढरा थर बसतो. शंभर मेलेल्या जनावरांत एकात जरी ते औषध असलं तरी गिधाडांची जमात संपायला तेवढं पुरतं. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव गेली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आहे, ते गिधाडाला सोसतं. पशुपालकांनो, डॉक्टरला नाव विचारून घ्या. आज गिधाडं नाहीत म्हणून माळावर मोकाट कुत्र्यांचे कळप आहेत, हे तुम्ही रोज बघता.

पेरणीच्या दिवसांत मोर आणि तित्तिर औषध लावून रंगवलेलं बियाणं टिपतात. बी मातीआड नीट झाका, पोत्यातून सांडलेलं गोळा करा. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या शेजारी ज्यांची शेतं आहेत त्यांना हे विशेष सांगतो.

आणि एक गोष्ट रागानं सांगतो. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात फवारणीचं औषध ओतून मासे पकडणारी पोरं आहेत. १८९७ सालच्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. ते मासे बाजारात येतात, कुणाच्या तरी लेकराच्या ताटात येतात. त्या डोहावर संध्याकाळी शेळ्या पाणी पितात, खंड्या बसतो.

मग आपण काय करायचं? पंप ओढ्यात धुऊ नका. धुतलेलं पाणी त्याच शेताच्या पिकावर परत फवारा. औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळा, भोक पाडा, पाणी भरायला वापरू नका. ओढ्याच्या कडेला दोन-चार हात गवत तसंच राहू द्या, ते पहिल्या पावसाचं पाणी गाळून घेतं. पहिल्याच पुराला मासे मरतात ते याचसाठी, चार महिन्यांचं साचलेलं एकदम वाहून येतं.

आणि मासे मेलेले दिसले तर वाट पाहू नका. दुपारपर्यंत पाणी बदलतं, पुरावा वाहून जातो. वेळ लिहून ठेवा, कोणते मासे आणि लहान की मोठे तेही लिहा. स्वच्छ बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मत्स्यव्यवसाय खातं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांनाही कळवा. मासा बर्फात ठेवा, मीठ लावू नका. आणि काठाला फुगून आलेला मासा उचलू नका, तो तपासणीच्या कामाचा उरलेला नसतो. ज्याचे कल्ले अजून लाल आहेत, जो अजून तोंड वासतोय, तो घ्या.