तलाव भरले, मग नळाला गढूळ पाणी का?

नमस्कार.

दर पावसाळ्यात एक बातमी आपण सगळे आनंदाने एकमेकांना पाठवतो. मोडकसागर भरला, तानसा ओसंडून वाहू लागला, विहार काठोकाठ झाला. साठा नव्वद टक्क्यांच्या वर गेला की मुंबईकराचा जीव भांड्यात पडतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गोवंडीत, मालवणीत, कुर्ल्यात कुणाच्या तरी घरी पिवळट, वास मारणारं पाणी येतं, आणि दवाखान्यात जुलाब-उलट्यांची पोरं दिसायला लागतात.

तलाव भरलेले असताना हे का होतं, ते आज नीट समजून घेऊ. प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. वसई-विरार, मीरा-भाईंदर, बदलापूर, पनवेल, जिथे जिथे दर वर्षी नवे टॉवर उभे राहतायत, तिथे पाण्यावर एकच उत्तर ऐकू येतं: आणखी पाणी आणा. माझं म्हणणं असं आहे, की पाणी आणणं हे अर्धंच काम आहे आणि ते आपल्याला बऱ्यापैकी जमतं. शुद्ध केलेलं पाणी शेवटच्या घरापर्यंत शुद्धच पोचवायचं, हे उरलेलं अर्धं काम मात्र आपण कायम मागे ठेवलं.

आधी आणण्याचं बघू. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. ते पुरेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना, म्हणून १८९२ मध्ये तानसा. मग १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानात आहेत. बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. दीडशेहून जास्त वर्षं आपण हेच करत आलोय: शहर वाढलं की एक नदी आणखी लांबची शोधायची.

आता एक हिशेब करू. सातही तलाव काठोकाठ भरले, तर त्यांत १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पुरवठा होतो. भागाकार केला की येतात ३७६ दिवस. म्हणजे एक वर्ष आणि वर दहा-अकरा दिवस. त्यातून बाष्पीभवन वजा करा. तलाव शंभर टक्के भरले असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या हातात फक्त पुढचा पावसाळा वेळेवर येईपर्यंतचं पाणी असतं.

आणि पाऊस आता वेळ पाळत नाही. २०२४ च्या मे अखेरीस तलाव इतके खाली गेले, की ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात करावी लागली. भातसा आणि अप्पर वैतरणाचा राखीव साठा सरकारकडून मागून घ्यावा लागला. २००९ मध्ये तर कपात ३० टक्क्यांवर गेली होती. दहा टक्के कपात म्हणजे प्रत्येकाला दहा टक्के कमी, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात दाब कमी झाला की टेकडीवरच्या वस्तीत आणि वाहिनीच्या टोकाला असलेल्या चाळीत पाणी चढतच नाही. तिथली कपात दहा टक्क्यांची राहत नाही, सगळाच नळ कोरडा पडतो.

ही झाली कमी पावसाची गोष्ट. जास्त पावसाची गोष्ट माझ्या मते आणखी गंभीर आहे.

१७ आणि १८ जुलै २०२१ च्या मधली रात्र. चेंबूर आणि विक्रोळीत घरं कोसळून माणसं गेली, ती रात्र बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचं पाणी शिरलं आणि विजेची यंत्रणा बंद पडली. भांडुप म्हणजे शहराच्या पाण्याचं हृदय, मुंबईचं बहुतेक पाणी इथूनच शुद्ध होऊन जातं. त्या दिवशी शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा विस्कळीत झाला आणि पाणी उकळून प्या, असं पालिकेला सांगावं लागलं. बाहेर गुडघाभर पाणी, तलाव भरत चाललेले आणि नळ बंद. हवामान बदलामुळे पाण्याचं काय होतं, असं कुणी विचारलं तर मी ही एक रात्र सांगते. कमी दिवसांत जास्त पाऊस पडायला लागला, की धरणाची भिंत मजबूत असून भागत नाही. शुद्धीकरण केंद्रातली वीज, पंप, वीजघराचं जोतं किती उंच बांधलंय, यावर शहराचं पाणी अवलंबून राहतं.

आता त्या गढूळ पाण्याकडे येऊ. भांडुपला पाणी गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळतं, मग ते सेवा जलाशयांत, म्हणजे वस्त्यांना सोडण्याआधी पाणी साठवतात त्या मोठ्या टाक्यांत जातं. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये तुम्ही फिरता ना, त्या बागेखाली असाच एक जलाशय आहे, ब्रिटिशांच्या काळापासून. इथपर्यंत पाणी चांगलं असतं, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण केंद्रात काम करणारी माणसं आपलं काम चोख करतात. बिघाड होतो तो पुढे.

जलाशयातून पाणी चोवीस तास सोडलं जात नाही, पाळ्यांनी सोडलं जातं. पालिकेचा चावीवाला येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालून फिरवतो आणि त्या गल्लीत पाणी सुरू होतं. दोन तास, तीन तास, कुठे पाऊण तास. मग तो व्हॉल्व बंद करतो आणि पुढच्या गल्लीकडे जातो. उरलेल्या वेळात त्या पाइपात काय असतं? दाब नसतो. पाइप अर्धा रिकामा असतो.

आता एखाद्या दाट वस्तीतली गल्ली डोळ्यांसमोर आणा. मुख्य वाहिनी रस्त्याच्या कडेला. तिथून प्रत्येक पाच-दहा घरांच्या जोडणीची बारीक पाइपं निघतात आणि आत जायला जागा एकच असते: गटार. वीस-पंचवीस पाइपांचा जुडगा गटारातून गेलेला असतो. काही गंजलेली, काहींच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, एखाद्यावर चिंधी आणि वर प्लास्टिकची पिशवी. पाणी चालू असतं तेव्हा या फटींतून पाणी बाहेर गळतं. ती गळती, म्हणजे नासाडी. पाणी बंद झालं की उलटं होतं. गटाराचं पाणी फटीतून पाइपात झिरपतं. त्यातच कुणी पाळीच्या सुरुवातीला थेट लाइनला मोटर लावली, तर ती मोटर पाइपातलं सगळं खेचून घेते, आणि फटीतून गटारही खेचते. पावसाळ्यात ते गटार तुडुंब असतं. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी पिवळट का येतं, त्याचं उत्तर हे आहे.

मोटर लावणाऱ्याला दोष देऊन इथे काही मिळत नाही. ज्याच्याकडे पाऊण तासच पाणी येतं आणि तेही करंगळीएवढ्या धारेने, तो मोटर लावणारच. पाळीने पाणी देण्याची पद्धतच त्याला तिथे आणून उभी करते.

पाळीच्या पाण्यात अशी घाण शिरते, हे नुसतं माझं मत नाही. कर्नाटकात हुबळी-धारवाडला काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि बाकीच्या शहरात पाळीनेच राहिलं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाळीच्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडले, म्हणजे पाण्यात मैल्याचा अंश होता. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण एक टक्काही नव्हतं. शहर तेच. फरक पाइपातल्या दाबाचा.

मग चोवीस तास द्यायला पाणी जास्त लागेल ना? इथे आपण अडकतो. मुंबईत गळती आणि चोरी मिळून पाण्याचा मोठा वाटा हिशेबातच येत नाही, पाव ते एक तृतीयांश असे अंदाज वेळोवेळी आलेत. पाव जरी धरलं तरी रोज ९०० दशलक्ष लिटरहून जास्त होतं. पालघरमधल्या वाडा तालुक्यात प्रस्तावित असलेलं गारगाई धरण देणार आहे रोज ४४० दशलक्ष लिटर. म्हणजे दोन गारगाई आपण जमिनीत मुरवतोय. आणि त्या एका गारगाईसाठी तानसा अभयारण्यातलं जंगल पाण्याखाली जाणार आहे, गावं उठणार आहेत. धरण कधीच बांधू नका, असं मी म्हणत नाही. पण आधी गळती थांबवा आणि मग गावं उठवण्याचं बोला, हा क्रम मी सोडणार नाही.

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका आठवा. भातसा, तानसा तिथले. आपल्या घशाखाली उतरणारं पाणी ज्या तालुक्यातून येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि बाया विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. मुंबईची भली मोठी जलवाहिनी त्यांच्या गावाजवळून जाते. हे बघून मला राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तसंच शहरातही, ज्यांच्याकडे नळच नाही त्यांचं काय? वर्षानुवर्षं नियम असा होता, की ठरावीक तारखेनंतरची झोपडी असेल तर जोडणी नाही. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीने हे मुंबई उच्च न्यायालयात नेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, ते जगण्याच्या हक्कात येतं. २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. धोरण चांगलं आहे. पण अर्ज, कागद, प्लंबरच्या फेऱ्या यांत लोक अजून अडकतात. तोवर ते पाणी विकत घेतात. धरा, ३५ लिटरचा निळा कॅन २० रुपयांना. हजार लिटरला साधारण ५७० रुपये झाले. पालिकेचा घरगुती दर हजार लिटरला सहा-सात रुपयांच्या घरात आहे. सगळ्यात गरीब माणूस सगळ्यात महाग पाणी पितो, आणि ते शुद्ध आहे की नाही हेही त्याला कळत नाही.

बाकी मार्गांबद्दल थोडक्यात. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा, रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आखलेला आहे. पावसावर अवलंबून नाही हा त्याचा मोठा गुण, पण वीज भरपूर खातो. मला जास्त आशा वाटते ती सांडपाण्याची. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशी सात नवी केंद्रं बांधली जातायत, एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. त्यातलं पाणी बागांना, बांधकामांना, कारखान्यांना, फ्लशला गेलं, तर पिण्याचं पाणी पिण्याला उरेल.

वाढत्या शहरांना मात्र एक संधी आहे, जी मुंबईने गमावली. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला पालघरमधल्या सूर्या धरणाच्या प्रकल्पातून मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी द्यायची योजना आहे. हे नवं पाणी जुन्याच, पाळीच्या पाइपांत ओतलं, तर दहा वर्षांनी तिथेही गटारातला जुडगा दिसेल. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने हे वेगळं करून दाखवलंय. छोटं गाव, पण चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, आणि जास्त वापराल तर दर चढा. लोकांनी पाणी साठवून ठेवणं बंद केलं, कारण नळ उघडला की पाणी येतं हे ठाऊक झालं. ओडिशात पुरीला जुलै २०२१ पासून थेट नळाचं पाणी पिता येतं. तिथे 'जलसाथी' म्हणून वस्तीतल्याच बाया नेमल्यात. त्या मीटर वाचतात, पाणी तपासतात, बिल गोळा करतात. गळती कुठे आहे, हे गल्लीत राहणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार?

आता तुमच्या हातातलं. पाण्याला रंग किंवा वास आला तर मुंबईत पालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. त्या एकट्या नळाचं न सांगता शेजारच्या चार घरांतही तसंच आहे का ते विचारून सांगा, म्हणजे दोष तुमच्या टाकीत आहे की वाहिनीत, ते जल खात्याच्या माणसाला लगेच कळतं. पाळीचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते लादी-भांड्यांना वापरा. शंका असेल तर पाणी गाळून खळखळून उकळा. सोसायटीत असाल तर तळटाकीचं झाकण बघा, पावसाचं पाणी आत शिरतं का आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे सेक्रेटरींना विचारा.

आणि वॉर्ड ऑफिसात गेलात तर 'पाणी वाढवून द्या' एवढंच मागू नका. आमच्या गल्लीतली पाइपं गटारातून बाहेर कधी काढणार, असं लेखी विचारा. चार-पाच घरांच्या सह्या असल्या तर उत्तम. अर्जाची पोच घ्या आणि गटारातल्या त्या जुडग्याचा फोटो सोबत जोडा.