न पडता मोडलेलं हाड

मलप्रभेचा उगम कणकुंबीला. त्या बाजूला पाऊस लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. खानापूर तालुक्यातल्या या घरात म्हणून स्वयंपाकघरातच, चुलीच्या वर दोरी बांधलीय. आज्जींचं वय ७२. उन्हाळ्याआधी ऑपरेशन करून त्यांच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलला, कृत्रिम बसवला. जूनमध्ये दोरीवर लुगडं टाकताना खांद्याच्या माथ्यावर कळ आली. त्या पडल्या नव्हत्या. घागरसुद्धा उचलली नव्हती.

तीन आठवडे तेल चोळणं झालं. मग एक्स-रे काढला, त्यात काही सापडलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र हाडाला गेलेली चीर दिसली.

एरवी खांद्यात गोळा असतो दंडाच्या हाडाला आणि वाटी फऱ्याला, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडाला. आज्जींच्या खांद्यात हे उलटं बसवलंय, गोळा फऱ्यावर आणि वाटी दंडावर. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास ही रचना आणली. आतले लहान स्नायू फाटून गेलेल्यांनाही तिच्यामुळे हात वर नेता येतो, कारण सगळा भार खांद्यावरचा मोठा स्नायू घेतो. पण तो स्नायू जिथून सुरू होतो, ते फऱ्याचं टोक पातळ असतं. हाडं ठिसूळ असतील, संधिवात असेल, तर रोजच्या ओढीनंच तिथं चीर जाते. पहिल्या वर्षात जास्त. आज्जींचं तेच झालं.

पडल्यावर मोडतं ते वेगळं, दंडाचं हाड. नवी वाटी बसवायला त्या हाडात ठोकलेला धातूचा दांडा वाकत नाही, त्याच्या टोकाशी सगळा ताण येतो आणि बहुतेक वेळा हाड तिथंच तुटतं. शेजारूनच मनगट उचलणारी नस जाते. म्हणून अशा वेळी डॉक्टर आधी मनगट वर करायला सांगतात. दांडा घट्ट असेल तर पट्ट्यानं किंवा प्लेट आणि तारांनी भागतं. सैल झाला असेल तर पुन्हा ऑपरेशन, लांब दांडा.

आज्जींना ऑपरेशन लागलं नाही. सहा आठवडे हात झोळीत. मुलानं दोरी सोडून छातीएवढ्या उंचीवर बांधली.

आम्हाला मात्र ते तीन आठवडे सुटत नव्हते. दुखत होतं तर सांगितलं का नाही, असं विचारलं.

"एवढा पैसा घातला पोरांनी," आज्जी म्हणाल्या. "परत दुखतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"