तळव्यांवरचा नकाशा

श्रोतेहो, नमस्कार.

हातात काही असेल तर जरा बाजूला ठेवा. डावा तळहात वर करून मांडीवर ठेवा. बोटं किंचित आत वळवली की तळहाताच्या मधोमध एक खळगा पडतो, त्यात उजव्या हाताचा अंगठा टेकवा. श्वास सोडताना हळूहळू दाब वाढवा, श्वास घेताना सैल करा. असं चार-पाच वेळा. गाडी चालवत असाल तर मात्र नुसतं ऐका, हात स्टिअरिंगवरच राहू द्या.

करताय ना? करत राहा, मी बोलते.

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळव्यांवरचे बिंदू दाबून शरीरभर उपचार करायची पद्धत. ती शिकवणारे या खळग्याला 'सोलर प्लेक्सस'चा बिंदू म्हणतात. सोलर प्लेक्सस म्हणजे जठराच्या मागच्या बाजूला असलेलं मज्जातंतूंचं जाळं. ते पोटात असतं, हे झालं शरीरशास्त्र. त्याचा बिंदू तळहातात असतो, हे झालं रिफ्लेक्सॉलॉजीचं म्हणणं. दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली की सारख्याच वजनाची वाटतात आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट. रिफ्लेक्सॉलॉजी हौसेने शिकले, आजही करते, आणि तरी तिच्या नकाशावर माझा विश्वास नाही. आता विश्वास नाही तर करता कशाला, असं तुम्ही विचारणारच. तेच सांगायला आलेय.

आधी नावांचा घोळ मिटवू. ॲक्युप्रेशर आणि रिफ्लेक्सॉलॉजी एकच, असं सर्रास बोललं जातं. ॲक्युप्रेशर चिनी परंपरेतलं. त्याचे बिंदू डोक्यापासून पायापर्यंत अंगभर पसरलेले. रिफ्लेक्सॉलॉजी मात्र हाताच्या आणि पायाच्या तळव्यांवर, काही जण कानावरही, अख्ख्या शरीराचा नकाशा मांडते. आणि वय विचाराल तर ती जेमतेम शंभर वर्षांची आहे. 'हजारो वर्षांची प्राचीन विद्या' असं म्हणताना इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्याचा दाखला देतात. त्या भिंतीवर सव्वाचार हजार वर्षांपूर्वीचं कोरीव चित्र खरंच आहे. त्यात काही माणसं दुसऱ्यांचे हात-पाय धरून बसलेली दिसतात. पण ती तळवे दाबतायत, नखं कापतायत की आणखी काही, यावर जाणकारांचं एकमत नाही. एका चित्रावरून किती बोलायचं यालाही काही मर्यादा असावी.

आजच्या रिफ्लेक्सॉलॉजीचं मूळ अमेरिकेत आहे, तेही एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे. विल्यम फिट्झजेराल्ड त्यांचं नाव, गाव हार्टफर्ड. हाताच्या, पायाच्या किंवा तोंडातल्या ठरावीक जागी दाब दिला की दुसऱ्याच ठिकाणी बधिरपणा येतो, असं त्यांना वाटलं. त्यावरून त्यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले, मध्यरेषेच्या डावीकडे पाच, उजवीकडे पाच. प्रत्येक पट्टा पायाच्या एका बोटापासून निघून डोक्यापर्यंत जातो आणि हाताच्या एका बोटातही उतरतो. आपल्याकडे राग आला की तळपायाची आग मस्तकात जाते. ती कुठल्या वाटेने जाते ते मराठीने सांगितलेलं नाही, फिट्झजेराल्डनी त्या वाटेच्या दहा गल्ल्या आखल्या इतकंच. १९१७ साली एडविन बॉवर्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 'झोन थेरपी'वर पुस्तक काढलं. त्यांची साधनं मोठी मजेशीर होती. बोटांना घट्ट रबर बँड, चिमटे, तळहातात रुतवायला कंगवा. दाढ दुखतेय ना, मग बोट दाबा, असा एकूण मामला.

हे सगळं पायावर आणलं युनिस इंगहॅम यांनी. त्याही फिजिओथेरपिस्टच, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. १९३०च्या दशकात त्यांनी माणसांचे पाय एकेक करून चाचपले, कुठे दाबल्यावर कोण कळवळतं ते पाहिलं आणि तळव्याचा कोपरा न् कोपरा कुठल्या ना कुठल्या अवयवाच्या नावे लावून टाकला. १९३८ साली त्यांचं पुस्तक आलं. मग कित्येक वर्षं त्या गावोगाव फिरून शिकवत होत्या. आज दवाखान्यांच्या भिंतींवर पावलांची जी रंगीबेरंगी चित्रं लागतात, त्यांची आजी म्हणजे इंगहॅमबाई.

रेडिओवर ते चित्र दाखवता येत नाही, पण त्याची गरजही नाही. दोन्ही पावलं एकमेकांना चिकटून समोर आली आहेत आणि त्यात एक माणूस बसलाय, अशी कल्पना करा. बोटं म्हणजे त्याचं डोकं आणि मान. बोटांखालचा फुगीर भाग, ज्याला आपण चवडा म्हणतो, ती छाती. फुप्फुसं दोन्हीकडे, हृदय डाव्या चवड्यावर. पावलाची कमान म्हणजे पोट. यकृत उजव्या पायात, प्लीहा डाव्यात, बरोबर शरीरात जसं असतं तसं. टाचेत कटिभाग. आणि दोन्ही पावलांची आतली कड, अंगठ्यापासून टाचेपर्यंत, हा पाठीचा कणा. ती कड पाहा, तिला कण्यासारखाच बाक आहे. नकाशा म्हणून हे इतकं देखणं जमलंय की विश्वास ठेवावासा वाटतो. हातावर हाच नकाशा थोडा आखडून बसवलेला असतो. अंगठ्याच्या बाजूची कड कण्याची, बोटांची टोकं डोक्याची, मनगटाजवळ कटिभाग.

आता तंत्राकडे येते, कारण मला या विद्येत सगळ्यात आवडतं ते हेच. लोकांना वाटतं, रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे जोरात दाबायचं. नाही. यात अंगठा चालवायचा असतो, आणि तो चालतो सुरवंटासारखा. पहिलं पेर वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. प्रत्येक वाकण्यासरशी अंगठा जेमतेम एक-दोन मिलिमीटर पुढे सरकतो, कातडीवरून उचलला जात नाही आणि मागे तर कधीच येत नाही. बाकीची चार बोटं पलीकडून आधार देतात, जोर तिथून येतो. नुसत्या अंगठ्याच्या ताकदीवर केलंत तर दोन दिवसांत तुमचाच अंगठा दुखायला लागेल, मग मला तुमच्यावर उपचार करावे लागतील. नख अगदी मुळापर्यंत कापलेलं हवं. तेल नको, तेलावरून अंगठा घसरतो आणि त्याचा मसाज होतो. फार तर चिमूटभर पावडर. शिकताना पहिला आठवडाभर मी एकाच टाचेवरून अंगठा फिरवत होते आणि शिकवणाऱ्या बाई मागून म्हणत होत्या, 'घाई कुठली झालीय तुला?'

करून पाहा. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या टोकापासून कडेकडेने मनगटापर्यंत उजवा अंगठा चालवत या. मध्येच कुठेतरी बारीक रवाळ काहीतरी हाताला लागेल, वाळूचे कण असावेत तसं. रिफ्लेक्सॉलॉजीची जुनी मंडळी सांगतात, हे साचलेले क्षार, ते फोडले की रस्ता मोकळा होतो. तसं काही नसतं. कातडीखालच्या चरबीचे बारीक कप्पे, स्नायूंचे बंध, त्यांच्यावरची आवरणं हाताला तशी लागतात. ती दाबून फुटत नाहीत, फुटूही नयेत. 'यानंतर भरपूर पाणी प्या, विषद्रव्यं बाहेर पडतील' हे वाक्यही त्याच पठडीतलं. पाणी जरूर प्या, पण रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत न सांगता करतच असतात.

नकाशा खरा आहे का, हे तपासून झालेलं आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ जणांचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना तपासायला दिले. कोणाला काय आजार आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं. आजार ओळखता आले नाहीतच, शिवाय एकाच पायाबद्दल त्या दोघांचं आपसातही जुळलं नाही. २००९ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले १८ प्रयोग एकत्र पाहिले. कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी हा परिणामकारक उपचार आहे, असं पटण्याजोगं त्यांना काही सापडलं नाही.

मग लोकांना बरं वाटतं ते काय खोटं? मुळीच नाही. दुखणं मेंदूकडे नेणारे संदेश आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश पाठीच्या कण्यात एकाच दारात गर्दी करतात, स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याला वाट कमी मिळते. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेलं हे सूत्र. कोपर आपटलं की आपण ते चोळतो ना, तेच. शिवाय अर्धा-पाऊण तास आडवं पडायचं, कोणीतरी न बोलता शांतपणे पाय हातात घेतलेत, फोन लांब ठेवलाय. श्वास आपोआप संथ होतो. यात बिंदूंचं श्रेय किती आणि त्या अर्ध्या तासाचं किती, हे तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र नकाशावाल्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. घोट्याच्या आतल्या बाजूने एक मज्जातंतू खाली तळव्यात उतरतो. त्याची काही मुळं कमरेच्या तळाशी, मूत्राशयाच्या मज्जातंतूंच्या शेजारूनच निघतात. ज्यांना सारखी लघवीची घाई होते, अशा काही रुग्णांना डॉक्टर घोट्याच्या तीन-चार बोटं वर बारीक सुई टोचून सौम्य वीजप्रवाह देतात. एका वेळी अर्धा तास, आठवड्यातून एकदा, साधारण बारा आठवडे. हा रीतसर वैद्यकीय उपचार आहे. आणि रिफ्लेक्सॉलॉजीच्या नकाशातही मूत्राशयाची जागा टाचेच्या आतल्या कडेला, म्हणजे जवळपासच आहे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसले होते. पण तिथे सुई आहे, वीज आहे आणि नेमका तो मज्जातंतू आहे. यकृताला किंवा कानाला पायातून असा कुठलाच धागा जात नाही. एक घर बरोबर निघालं म्हणून अख्खा नकाशा खरा ठरत नाही.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. पाय दाबून घ्या, रोगनिदान करून घेऊ नका. एकदा एका ठिकाणी माझा पाय दाबताना 'तुमची किडनी कमजोर आहे' असं मला ऐकवलं गेलं. मी शिकलेली असूनही दोन रात्री नीट झोपले नाही. तपासण्या केल्या, सगळं ठणठणीत. याच्या उलट झालं तर ते जास्त वाईट. खरोखर काही बिघडलेलं असतं आणि 'पाय तर ठीक सांगतायत' म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही.

कोणी करू नये? पायाला जखम, ताजी मोच, हाड मोडलेलं, चिखल्या, गाऊट नावाच्या सांधेदुखीचा ठणका, यात नको. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. त्या पायाला हात न लावता आधी डॉक्टरकडे जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दाब हलका. गरोदरपणात पहिले तीन महिने बरेच रिफ्लेक्सॉलॉजिस्ट स्वतःच नको म्हणतात.

आणि मधुमेह. माझ्याकडे गुडघ्यांसाठी एक आजी यायच्या, मधुमेह पंधरा वर्षांचा. एक दिवस व्यायामानंतर वेळ होता म्हणून मी त्यांचे पाय हातात घेतले. आधी संकोचल्या, टाचा भेगाळल्यात म्हणून झाकायला लागल्या. दहा मिनिटांत सुनेबद्दलचं एक वाक्य अर्धवट सोडून झोपून गेल्या, तोंड उघडं ठेवून. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी अलगद वेगळं केलं तर आत पिकलेला फोड. फार मोठा नव्हता, पण चांगला जुना दिसत होता. त्यांना पत्ताच नव्हता, कारण त्या बोटांना काही जाणवतच नव्हतं. नकाशाप्रमाणे ती जागा कानाची. कानाचं राहू दे, त्या दिवशी तो पाय वाचला.

मधुमेहात तळव्यांची संवेदना अशीच न कळत जाऊ शकते. अशा पायांखाली टोकदार रबरी चटया, काटेरी चपला, लाकडी रोलर काहीही नको. दुखलं तरी कळणार नाही. ज्यांच्या घरात मधुमेहाचं माणूस आहे, त्यांनी रिफ्लेक्सॉलॉजी शिकू नये हवं तर, पण रोज रात्री त्यांचे पाय उजेडात धरावेत. तळवे पाहावेत, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहावं, हलक्या हाताने चाचपावं. बिंदू माहीत नसले तरी चालेल.

वेळ संपत आली. डावा हात झाला असेल तुमचा. आता उजवा घ्या, आणि अंगठ्याला सांगा, घाई कुठली झालीय तुला?