जागा नाही म्हणता? कठडा तर आहे!

जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून आलेला नाही, आणि लालबागच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर काकू हातात तांब्या घेऊन गॅलरीत आल्यात. गॅलरी चार फुटांची, त्यातून सगळ्या मजल्याची ये-जा, खाली कुंडी ठेवली की कुणाच्या ना कुणाच्या पायात येणारच. मग बाग कुठेय? कठड्याकडे बघा. तुपाचे, बिस्किटांचे, दूध पावडरचे पत्र्याचे डबे, सगळे तारेच्या हुकने अडकवलेले, आणि अडकवलेत आतल्या बाजूने, कारण खाली लहान मुलं खेळतात, वरून डबा पडला तर काय होईल याचा विचार आधी, सौंदर्य नंतर.

डबे वेगवेगळ्या मापाचे आहेत पण रंग सगळ्यांना एकच, गेरूसारखा तांबडा ऑइलपेंट. मला विचाराल तर छोट्या जागेतली सगळ्यात चांगली डिझाइनची आयडिया हीच आहे. झाडं हवी तेवढ्या प्रकारची लावा, पुदिना, ओवा, गवती चहा, सदाफुली, पण कुंड्यांचा रंग एक ठेवा, म्हणजे डोळ्याला पसारा वाटत नाही. दहा रंगांच्या दहा सुंदर कुंड्या आणल्या की झाडं दिसतच नाहीत, कुंड्याच दिसतात.

आता काकूंची खरी गंमत सांगते. ही गॅलरी उत्तरेला, म्हणजे वर्षातले बरेच महिने इथे ऊन नाहीच. पण मुंबईत १५ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो, सकाळी तर ईशान्येकडून तिरपं ऊन थेट कठड्यावर येतं. थंडीत सगळं उलट, सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे मागच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत. काकूंनी हे कुठे वाचलेलं नाही, बघून बघून कळलेलं आहे. म्हणून उन्हाची झाडं मेमध्ये पुढे येतात आणि ऑगस्टमध्ये मागच्या खिडकीत जातात, हुक काढायचा, दुसरीकडे अडकवायचा, झालं. जमिनीतल्या झाडाला हे कुठे जमणार?

पण उचलायचं म्हटलं की वजन आलं. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा ओल्या लाल मातीने भरला की साधारण २५ किलो होतो, जुन्या इमारतीच्या लाकडी गॅलरीवर असे दहा डबे ठेवायचं धाडस करू नका प्लीज. माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि शेणखत किंवा घरचं कंपोस्ट सारख्या प्रमाणात घ्या, बरंच हलकं होतं आणि पाणीही धरून ठेवतं.

आता भाऊच्या धक्क्याकडून आलेले हे थर्माकोलचे खोके बघा, मासळीचे. दोन-तीन वेळा साबणाने धुऊन उन्हात टाकले की वास जातो. वजनाला काहीच नाहीत आणि आतली माती तापत नाही. खाली चार भोकं पाडायची. मेथीला तीन-चार इंच खोली बास होते. आपल्याकडे किनाऱ्याच्या वाळूत समुद्र मेथी होतेच की, दहा-बारा दिवसांत उपटून बाजारात छोट्या छोट्या जुड्या, तसंच इथे वाळू मिसळून दाट पेरायची. मिरचीला मात्र आठ-दहा इंच लागतात, कढीपत्त्याला त्याहून जास्त, तिथे रंगाची २० लिटरची बादली घ्या.

आणि हा उथळ ट्रे मला सगळ्यात आवडला, यात फक्त दूर्वा आहेत. कठड्याच्या टोकाला हिरव्या गालिचासारख्या दिसतात आणि गणपतीत २१ दूर्वांची जुडी काकू इथूनच काढतात, शेजारचे पण घेऊन जातात.

कांदिवलीच्या एका फ्लॅटमध्ये वेगळा प्रश्न, तिथे फक्त खिडकीचं ग्रिल. त्यांनी खाली एकही कुंडी ठेवली नाही, दोन बाजूंच्या गजांवर वरपासून खालपर्यंत अर्ध्या कापलेल्या बाटल्या, मध्ये खिडकी मोकळी, आणि वरून गोकर्णाचा वेल कमानीसारखा. आतून बघितलं की निळ्या फुलांच्या चौकटीत आकाश. सुंदर आहे! पण पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, भांडणापर्यंत गेलं होतं, मग प्रत्येक बाटलीचं पाणी खालच्या बाटलीत जाईल असं केलं आणि शेवटी एक डबा.

त्या शेवटच्या डब्यावर आणि कुंडीखालच्या बशांवर लक्ष ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. मनी प्लांटच्या बाटल्यांचं पाणीपण आठवड्याला बदलायचंच, पावसाळ्यात बशा सरळ काढून ठेवायच्या.

परत लालबागला येऊया. कठड्याच्या शेवटच्या पाच डब्यांत ऑफिस टाइम लावलंय, काही लोक चिनी गुलाब म्हणतात. ऊन चढलं की फुलतं, साधारण लोक लोकल पकडायला निघतात तेव्हा, म्हणून हे नाव. आज आभाळ आलंय, नऊ वाजून गेले, कळ्या मिटलेल्याच. आम्ही कॅमेरा आवरायला लागलो तर काकू म्हणाल्या, थांबा गं जरा, चहा घ्या, ऊन येऊ दे.