‘बरे आहे’ म्हणू नका: आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे उपचार, वेदना आणि रोजचा दिवस

नमस्कार. आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे, त्याच्याबद्दल घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलले जाते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे गुदाशयाचा किंवा गुदद्वाराचा कर्करोग झाला आणि केमोथेरपी, रेडिएशन, शस्त्रक्रिया असे उपचार सुरू झाले, की रोजचा दिवस कसा काढायचा हा प्रश्न आजाराइतकाच मोठा होऊन बसतो. मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांच्या उपचारांच्या काळात मी सतत त्यांच्यासोबत होते आणि त्या वेळी डॉक्टरांना व परिचारिकांना विचारून जे शिकले, तेच मी येथे सांगणार आहे. औषधाचा कोणताही बदल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचा.

तपासणीच्या खोलीबाहेर बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर, एका मांडीवर भार देऊन बसत आणि दर दोन मिनिटांनी बाजू बदलत. आत गेल्यावर डॉक्टरांनी ‘कसे आहात?’ असे विचारले की ते ‘बरे आहे’ म्हणत. हे ‘बरे आहे’ तीन आठवडे चालले आणि त्या तीन आठवड्यांत त्यांचे औषध कोणीही वाढवले नाही, कारण ते वाढवायची गरज आहे हेच कोणाला कळले नव्हते. हात दुखतो हे माणूस चारचौघांत सांगतो, पण शौचाच्या जागेची आग होते हे सांगताना जीभ अडते. मला राहून राहून वाटते, की या आजारातला पुष्कळसा त्रास कर्करोगापेक्षा या संकोचामुळे अंगावर काढला जातो.

माझ्या हातात ही जी साधी वही आहे, तिने आमचा मार्ग मोकळा केला. यातली एक नोंद वाचून दाखवते. ‘पहाटे ४, शौचास गेलो, आग, ७. साडेचारला गोळी. सव्वापाचला ३. नंतर झोप.’ हे ७ आणि ३ म्हणजे शून्य ते दहा या मापावरचे आकडे; शून्य म्हणजे दुखणे नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे असह्य दुखणे. तोंडाने जे सांगता येत नव्हते, ते बाबांनी लिहून डॉक्टरांच्या समोर ठेवले आणि त्याच भेटीत औषध बदलले.

आकड्याबरोबर दुखण्याची जातही लिहावी, कारण प्रत्येक जातीवरचा उपाय वेगळा असतो. आग होते, की पोटात पीळ पडून कळ येते, की विजेसारखी चमक मांडीपर्यंत जाते? चमक किंवा मुंग्या असतील, तर ते बहुधा मज्जातंतूंचे दुखणे असते आणि त्यासाठी फिट्सवर किंवा नैराश्यावर वापरली जाणारी औषधेही दिली जातात. तसे नाव चिठ्ठीवर दिसले तर दचकून जाऊ नये. आणखी एक फसवा प्रकार असा, की पोट रिकामे असूनही शौचाला लागल्यासारखे सतत वाटते. गाठ किंवा सूज आतून दाब देते, त्यामुळे शरीराची अशी समजूत होते. अशा वेळी कुंथत बसल्याने दुखणे वाढते. पायाखाली छोटे स्टूल घ्यावे, थोडा वेळ बसावे, काही झाले नाही तर उठावे आणि हे लक्षण याच शब्दांत डॉक्टरांना सांगावे.

रेडिएशनबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असती, तर आमचे पुष्कळ घाबरणे वाचले असते. पाच-सहा आठवडे रोज घ्यायच्या रेडिएशनमध्ये पहिले काही दिवस विशेष काही जाणवत नाही. त्वचेचा लालसरपणा आणि जुलाब हळूहळू साठत जातात आणि त्रास सर्वांत जास्त होतो तो उपचारांच्या शेवटी व त्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. रेडिएशन संपल्यावर दुखणे वाढले, म्हणजे उपचार फसले असे नव्हे. या काळात शौचानंतर कागदाने पुसू नये. कोमट पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे आणि मऊ कापडाने घासण्याऐवजी टिपून घ्यावे. डॉक्टरांची हरकत नसेल, तर टबमध्ये कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसल्याने स्नायू सैल पडतात आणि पुढचा एखादा तास सुसह्य होतो. मलम लावायचे ते डॉक्टरांनी दिलेलेच, आणि रेडिएशनच्या अगोदर लावायचे की नंतर, हेही विचारून घ्यावे.

मॉर्फिनचे नाव ऐकून आमच्या घरात शांतता पसरली होती. मॉर्फिन म्हणजे शेवट, किंवा मॉर्फिन म्हणजे व्यसन, या दोन्ही समजुतींमुळे माणसे विनाकारण तळमळत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पद्धत मांडली, तिच्यात तीव्र वेदनांवर मॉर्फिनला स्थान आहे आणि औषध दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे, हे तिचे एक मुख्य सूत्र आहे. दोन मात्रांच्या मध्ये एकदम उसळणाऱ्या वेदनेसाठी वेगळी छोटी मात्रा लिहून दिली जाते. ती मिळाली नसेल तर मागावी. सावकाश काम करणारी गोळी कुटू किंवा चावू नये, कारण सगळे औषध एकदम अंगात उतरते. मॉर्फिनने येणारी झोप आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. त्यामुळे मॉर्फिन सुरू होते त्याच दिवशी पोट साफ राहण्याचे औषधही सुरू करावे लागते. रेडिएशनमुळे जुलाब होत असतील तर हा हिशोब उलटतो, म्हणून दोन्ही औषधांविषयी त्याच भेटीत विचारावे.

केमोथेरपीत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध असेल, तर थंडीशी वैर जडते. फ्रिजमधली बाटली उचलताच बोटांत सुया टोचतात आणि गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटतो. बाबांसाठी आम्ही फ्रिजच्या दारावर हातमोजे टांगून ठेवले होते. हा त्रास बहुधा काही दिवसांत कमी होतो, पण पुढच्या मात्रेपर्यंत मुंग्या राहिल्या किंवा शर्टाची गुंडी लावता येईना, तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यावरून औषधाची मात्रा ठरते.

शस्त्रक्रियेत आतड्याचे तोंड पोटावर काढून शौचासाठी तिथे पिशवी लावलेली असेल, तर तिथे दिसणारे लाल, ओलसर आतडे स्पर्शाने दुखत नाही. दुखते ती गळतीने सोललेली आजूबाजूची त्वचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते आतडे आकसते आणि पिशवी त्वचेला चिकटवणारी, जुन्या मापाने कापलेली पट्टी सैल पडते. म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावे आणि पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी.

या भागातल्या उपचारांचा परिणाम लैंगिक जीवनावरही होतो. त्यावर उपाय असतात आणि विचारण्यात काहीही वावगे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची काळजी. केमोथेरपी चालू असताना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी ताप मोजावा, कारण ही गोळी ताप झाकून टाकते. तापमान 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त असेल, तर रात्र असो वा दिवस, लगेच रुग्णालयाला कळवावे. थांबत नसलेले जुलाब, वाढता रक्तस्राव, किंवा पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद होणे, यांसाठीही सकाळची वाट पाहू नये. एनिमा किंवा गुदद्वारातून देण्याचे औषधही या काळात परस्पर घेऊ नये.

पुढच्या भेटीत एक प्रश्न नक्की विचारा: रात्री दुखणे वाढले तर फोन कोणाला करायचा? आमच्या या वहीच्या मुखपृष्ठावर, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत, तोच नंबर लिहिलेला आहे.