पाणी तोडलं की गोडी चढते

[सकाळ. गच्ची. बादल्यांची रांग, मागं रंकाळ्याच्या बाजूचं आभाळ.]

शिवाजी पेठेतली ही आमची गच्ची. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या, बुडाला भोकं पाडलेली, आणि प्रत्येकीत एकच झाड. चेरी टोमॅटो. बोराएवढं फळ, एका घोसाला दहा-बारा. झाडावरनं तोडायचं, पुसायचं आणि थेट तोंडात टाकायचं. पानांचा तो उग्र हिरवा वास बोटांना लागतो आणि हात धुतले तरी बराच वेळ राहतो. मला तो फार आवडतो.

हे आमचं तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी बी टाकलं जूनमध्ये. पाऊस आहे, पाण्याची कटकट नाही, असा माझा हिशोब. पण आपल्याकडं एकदा झड लागली की पानं दिवस दिवस वाळत नाहीत. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले, ठिपक्यात गोल गोल वलयं. करपा, म्हणजे बुरशीचा रोग. श्रावण सरायच्या आत बादल्या मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या वर्षी हंगाम बरोबर धरला. झाडं डोक्याएवढी झाली, फळं लगडली. पण खाल्लं तर पाणचट. आणि पिकायला आलेलं फळ देठापासून उभं तडकायचं. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, ऊन जास्त वाटलं तर दुपारी आणखी एक.

आई तिथंच मेथी निवडत बसली होती. तिचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सगळा जन्म उसात गेलेला. ती म्हणाली, "उसाचं पाणी तोडीआधी तोडत्यात का न्हाई? मग या टोमॅटोला कशाला एवढं पाजाय लागलायस?"

[आईचे हात. मेथीच्या काड्या.]

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागू नये. ऊस तोडणीला आला की आधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद करतात. वाढ थांबते, रात्रीची थंडी साथ देते आणि रसात साखर चढते. टोमॅटोचंही तसंच. साखर पानं तयार करतात, ती उन्हावर. मुळं पाणी ढकलतात ते फळ फुगवायला. पाणी जास्त झालं की तेवढीच साखर जास्त पाण्यात पातळ होते. सालीला ताण सोसत नाही, मग फळ तडकतं.

लहान फळ गोड का, याचं उत्तरही याच्या जवळपासच आहे. टोमॅटोचा रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतला, पेरू-इक्वेडोरकडचा, आणि त्याचं फळ वाटाण्याएवढं. माणसानं पिढ्यान् पिढ्या मोठी फळं निवडली, तशी गोडी उतरत गेली.

[कॅमेरा जवळ. काचेवर रसाचा एक थेंब.]

हा रिफ्रॅक्टोमीटर. मावसभाऊ साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे, त्याच्याकडून आणलेला. ऊस पक्व झाला का, हे शेतात उभं राहून याच्यात बघतात. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडं तोंड करायचं. निळा आणि पांढरा पट्टा जिथं भेटतात तो आकडा वाचायचा. त्याला ब्रिक्स म्हणतात, म्हणजे रसात साखर साधारण किती टक्के, त्याचा अंदाज. तोडीच्या उसाचा विसाच्या आसपास येतो. कपिलतीर्थ मंडईतनं आणलेल्या टोमॅटोचा आला ४. आमच्या गेल्या वर्षीच्या फळाचा साडेपाच. आणि आज, या थेंबाचा, साडेआठ.

मधल्या काळात आम्ही काय केलं?

बी टाकलं गणपती उठल्यावर. चार-पाच पानांची रोपं दसऱ्याला बादलीत गेली. दसरा चौकातनं सोनं लुटून आलो आणि त्याच संध्याकाळी लावली. आपली काळी माती नुसती भरली तर बादलीत दगड होते, म्हणून एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातनं फुटणारे कोंब, खालून काढत गेलो, दोनच खोडं ठेवली, सुतळीनं सैल बांधली. फुलं आली दिवाळीत. एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, फक्त पराग हलून पडावा लागतो. आई सकाळी दहाच्या सुमारास प्रत्येक घोसाला हलकी टिचकी मारत फिरते.

[टिचकी. पिवळं फूल थरथरतं.]

आणि पाणी. पहिलं फळ रंगावर आलं, तिथनं आम्ही हात आखडला. बादलीत सगळंच पाणी तोडता येत नाही. शेतासारखी खोल माती नाही. म्हणून एक दिवसाआड, सकाळीच, आणि दर वेळी तेवढंच. दुपारी शेंडे मान टाकतात. पहिल्यांदा माझा जीव कासावीस व्हायचा. आता कळतं, उन्हं उतरल्यावर झाड पुन्हा ताठ होत असेल तर काळजी नाही. सकाळीही मलूल दिसलं, तर मात्र लगेच पाणी द्यायचं. फळ थोडं बारीक राहिलं. ते आम्हाला चालतं.

तोडायची घाई करू नका. लाल झाल्यावर आणखी दोन-तीन दिवस झाडावर राहू द्या. आणि तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं वास मरतो. ताटात पसरून ओट्यावर ठेवली तरी पुरतं.

होळीनंतर ऊन कडक होतं. फुलं लागतात पण गळतात. तेव्हा आम्ही झाडं काढतो.

[शेवटची बादली. घोसाला बांधलेला लाल दोरा.]

या झाडाचा दुसरा घोस कुणी तोडायचा नाही, नातवानंसुद्धा. आईनं त्याला देवळातला लाल दोरा बांधलाय. बी सरळ वाणाचं आहे, संकरित नाही, त्यामुळं पुढच्या वर्षी हेच फळ परत येईल. घोस पूर्ण पिकून मऊ पडला की ती गर वाटीत काढेल, दोन-तीन दिवस आंबवेल, बियांवरचा बुळबुळीत थर सुटला की चाळणीत धुऊन सावलीत वाळवेल. पुडी ठेवायची जागाही ठरलीय, देव्हाऱ्याखालच्या खणात, गेल्या वर्षीच्या घेवड्याच्या बियांशेजारी.