पायांखालचे ४५ मैल

मंडळी, नमस्कार.

या सभागृहाच्या मागच्या दारातून बाहेर पडून झाडीच्या दिशेने पाच मिनिटं चाललं, की डांबराची एक काळी पट्टी लागते. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्यावर मुलांना सायकल शिकवली आहे, आई-बाबा भारतातून आले की त्यांना संध्याकाळी तिथेच फिरायला नेलं आहे. डब्ल्यू अँड ओडी, म्हणजे वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेल. आपल्या व्हर्जिनिया राज्यात, आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. गेल्या ऑक्टोबरात मी ती वाट एका दिवसात, पायात इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले बूट, घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. त्याबद्दल बोला, असं मला सांगितलंय. स्केटिंगबद्दल बोलणारच आहे, पण माझ्या मनात जास्त आहे ती वाट.

रस्ता कसा आहे हे प्रत्येकाला वेगळं कळतं. गाडीत बसलेल्याला खड्डा आला तरच कळतं. सायकलवाल्याच्या टायरमध्ये हवा असते, धावणाऱ्याच्या बुटाला जाड तळ असतो. स्केटच्या चाकात हवा नसते. घट्ट पॉलियुरेथेनचं भरीव चाक, त्यात दोन बेअरिंग, वर धातूची फ्रेम आणि फ्रेमवर थेट तुमचं पाऊल. डांबर जुनं झालं की त्यातली खडी उघडी पडते. अशा डांबरावर दोन मैल गेलं की तळव्यांना मुंग्या येतात आणि थरथर गुडघ्यापर्यंत चढते. नवं डांबर लागलं की आवाज बदलतो, खर्रखर्र थांबून नुसती सळसळ उरते, आणि तेवढ्याच जोरात तुम्ही दीडपट लांब जाता. झाडाच्या मुळाने वर उचललेली रेघ, पुलाच्या तोंडाशी राहिलेली बोटभर फट, पावसाने वाहून आणलेली वाळू, स्वीटगम झाडाची काटेरी बोंडं. चालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आम्हाला ते सगळं दहा पावलं आधी दिसावं लागतं.

आणि चढ. आपण या वाटेवरचं ॲशबर्न गाव सपाट आहे म्हणतो. ते तसं नाही, माझ्या पिंडऱ्यांना विचारा. पण ही वाट जवळजवळ सपाट आहे, आणि त्याचं कारण मला बार्शीमुळे लगेच कळलं.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे १८९७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे होती, बार्शी लाइट रेल्वे, रुळांत अंतर फक्त अडीच फूट. लहानपणी कुर्डुवाडीला जाताना जरा चढ आला की इंजिन धापा टाकायचं आणि डब्यातली मोठी माणसं म्हणायची, "आता बसा निवांत." लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळतं, हाच आगगाडीचा फायदा, आणि म्हणूनच चढावर ते पकड धरत नाही. त्यामुळे आगगाडीचा रस्ता आखणारा माणूस चढ टाळत जातो. टेकडी आली तर कापायची, ओढा आला तर भराव घालायचा, वळण घ्यायचं तर लांबून घ्यायचं. आपली ही ट्रेलसुद्धा आगगाडीचीच वाट आहे. १८५० च्या दशकात अलेक्झांड्रियाहून रूळ टाकायला सुरुवात झाली आणि १८६० साली ते लीझबर्गला पोचले. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि जूनमध्ये इथल्याच व्हिएन्ना गावाजवळ याच रुळांवर सैनिक घेऊन चाललेल्या गाडीवर तोफा डागल्या गेल्या. शंभर वर्षं ही रेल्वे कशीबशी चालली. आपण सगळे ज्या डलस विमानतळावर उतरलो, त्याच्या बांधकामाचा मालही शेवटी शेवटी हिनेच वाहिला. १९६८ साली ती बंद पडली.

जागा वीज कंपनीने घेतली. तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या जाड तारा त्याच कंपनीच्या. ती जागा तुकड्यातुकड्याने विकली गेली असती, तर आज तिथे घरांच्या मागच्या बागा आणि पार्किंग असतं. तसं झालं नाही. १९७४ साली फॉल्स चर्चमध्ये पहिला छोटा तुकडा लोकांसाठी खुला झाला आणि १९८८ मध्ये वाट पर्सेलव्हिलला पोचली. एका दगडी कमानीखालून जाताना मी दर वेळी क्षणभर वर बघते. ज्यांनी वाफेच्या इंजिनासाठी इथला चढ घासून कमी केला, त्यांच्या कष्टावर माझे पाय चालतात, हे मला मनापासून जाणवतं.

ती वाट पूर्ण झाली त्याच सुमारास अमेरिकेत इनलाइन स्केटिंगची लाट आली. मिनियापोलिसच्या ऑल्सन भावांनी १९८० मध्ये, बर्फ नसतानाही हॉकीचा सराव करता यावा म्हणून एका रांगेत चाकं बसवलेले बूट विकायला सुरुवात केली, त्यातून रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. नव्वदच्या दशकात अशा वाटांवर स्केटर्सची गर्दी असायची. आता तेवढी नसते, पण लांब पल्ल्याचं स्केटिंग टिकून आहे. जॉर्जिया राज्यात अथेन्स ते अटलांटा ८७ मैल जाणारे लोक आहेत. बर्लिनच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या आदल्या दिवशी स्केटर्स उतरतात आणि पहिला येणारा ४२ किलोमीटर तासाभराच्या आत संपवतो. आपलीही माणसं आहेत बरं का यात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेत भारताला कांस्यपदक मिळालं, त्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. त्याच संघातल्या चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने २०२५ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि मॅरेथॉनचंही.

मी चाळिशी उलटल्यावर शिकले. शिकवलं आमच्या शेजारच्या बाईंनी. त्या तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पहिले तीन रविवार त्यांनी मला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये फक्त थांबायला शिकवलं. उजव्या स्केटच्या टाचेला रबराचा ठोकळा असतो. तो पाय पुढे सरकवायचा, दोन्ही गुडघे वाकवायचे, खुर्चीत बसल्यासारखं मागे बसायचं आणि पुढच्या पायाचा चवडा उचलायचा. सगळ्यांची चूक एकच, घाबरून ताठ उभं राहायचं. ताठ उभं राहिलं की वजन ब्रेकवर येतच नाही. पार्किंगमधल्या पांढऱ्या रेघेवर नेमकं थांबता येईपर्यंत त्यांनी मला वाटेवर नेलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

मग ढकलणं. चालताना आपण पाय मागे रेटतो. स्केटवर मागे रेटलं तर चाक नुसतं घसरतं. ढकलायचं बाजूला. पूर्ण वजन एका पायावर, त्या पायाच्या चाकांवर तोल, आणि दुसरा पाय बाहेरच्या बाजूला सरळ होईपर्यंत रेटायचा. मग तो उचलून परत अंगाखाली आणायचा. लांब पल्ल्याचं सगळं कौशल्य त्या परत आणण्यात आहे. तेवढ्या क्षणात त्या पायाला विश्रांती मिळते. घाई केली तर ती मिळत नाही आणि पंधराव्या मैलाला मांड्या पेटतात. टेक्सासच्या चॅड हेड्रिकने नव्वदच्या दशकात एकाच पावलात आधी आत आणि मग बाहेर, असं दोनदा ढकलायची पद्धत रूढ केली, तिला डबल पुश म्हणतात. पुढे त्याने बर्फावरच्या स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्णही मिळवलं. मला डबल पुश सलग शंभर मीटरही जमत नाही, आणि ४५ मैल जायला तो लागतही नाही.

बाजूला ढकलतो म्हणून आम्हाला जागा जास्त लागते. सायकल दोन फुटांतून जाते. स्केटर जोरात असेल तर पाच-सहा फूट व्यापतो. वाट बहुतेक ठिकाणी दहा फुटांची. म्हणून एक विनंती कळकळीने करते. रविवारी संध्याकाळी आपण चौघं-पाचजण गप्पा मारत एका ओळीत चालतो, कानात गाणी असतात, मुलगा मध्येच सायकल आडवी लावतो. उजवीकडून दोघादोघांनी चाला. मागून कुणी "ऑन युअर लेफ्ट", म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय, असं म्हणालं तर डावीकडे वळून बघू नका, आहात तसेच सरळ राहा. वळून बघताना शरीर त्याच बाजूला सरकतं. त्यातूनच धडका होतात. फॉल्स चर्चमध्ये अलीकडे चालणाऱ्यांची वाट वेगळी केली आहे, तिथून जाताना फरक लगेच जाणवतो.

एकदा मी पडले, तेही सांगते. दुसरं वर्ष होतं, नोव्हेंबरची सकाळ, रात्री पाऊस झालेला. लाकडी फळ्यांचा पूल आणि त्यावर ओली पानं. मी ढकललं आणि चाक नुसतंच बाजूला गेलं, जणू खाली काही नव्हतंच. दोन्ही तळहात पुढे आले. मनगटाला बांधलेल्या रिस्ट गार्डची प्लास्टिकची पट्टी फळीवर घासत गेली, तो आवाज अजून कानात आहे. कोपर सोलवटलं, मनगटं शाबूत राहिली. तेव्हापासून लाकडी पूल आला की मी ढकलणं थांबवते, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, आणि पूल संपेपर्यंत नुसती घरंगळत जाते.

आता ऑक्टोबरचा तो दिवस. शर्लिंग्टनहून सव्वासातला निघाले, उजाडतच होतं. पहिले दहा मैल सतत थांबावं लागतं, रस्ता ओलांडा, सिग्नल, पुन्हा ओलांडा. तिथे पायांपेक्षा ब्रेकच जास्त झिजतो. व्हिएन्नानंतर लय लागली. हर्नडनला जुन्या स्टेशनापाशी बसून पाणी प्यायले, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. ॲशबर्नला डेटा सेंटरच्या पंख्यांची घूं-घूं ऐकू येत होती. आपल्यातले कितीतरी जण ज्या कामावर पोट भरतात, ते काम त्या भिंतींच्या आत चालतं आणि बाहेर हरणं चरत असतात. पुढे दगडाची मोठी खाण, मग लीझबर्ग.

लीझबर्गनंतर क्लार्क्स गॅप या खिंडीची चढण. आगगाडीसाठी आखलेली, म्हणून सौम्य. पण लांबच लांब. तिसाव्या मैलानंतर सौम्य चढही हाडांत शिरतो. माझ्या डाव्या पावलाची बोटं बधिर झाली होती. बसले, नाडी पूर्ण सोडली, बोटं चोळली, बुटाचे वरचे दोन हुक सैल ठेवून पुन्हा बांधली. मग पावलं लहान केली. एक, दोन, एक, दोन. बार्शीच्या गाडीतलं ते "आता बसा निवांत" आठवत होतं. खिंड ओलांडली आणि पाय न हलवता चाकं स्वतःहून फिरायला लागली, तेव्हा मला रडू आलं. तिथे कुणी नव्हतं, मी रडून घेतलं. पर्सेलव्हिलच्या स्टेशनावर नवरा गाडी आणि थर्मासमधला चहा घेऊन उभा होता. सव्वादोन वाजले होते.

रात्री स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून चाकं काढली. लांब गेल्यावर हे करावंच लागतं. प्रत्येक चाक आतल्या बाजूने झिजलेलं असतं, म्हणून उजव्याचं डाव्याला आणि डाव्याचं उजव्याला लावायचं, म्हणजे बाहेरची कड आत येते. दुसऱ्या चाकात खडीचा एक निळसर कण रुतून बसला होता. तो मी सुईने काढला आणि खिडकीत ठेवला. अजून तिथेच आहे.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी: पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला मी हर्नडनच्या जुन्या स्टेशनापाशी असेन. हेल्मेट आणि रिस्ट गार्ड हवेतच. स्केट्स नसतील तर माझ्याकडे दोन जोड आहेत, सात आणि साडेआठ नंबरचे. पाऊस असेल तर येऊ नका, मीही येणार नाही.